हातभर अंतर

ह्यूस्टनच्या पश्चिमेकडील उपनगरात, आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर असलेल्या एका गॅस स्टेशनवर, नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी एका तरुणाने माझ्यावर बंदूक रोखली. पेट्रोलचा नोझल टाकीत अडकवून मी गाडीकडे पाठ करून उभा होतो आणि माझी अकरा वर्षांची मुलगी मागच्या सीटवर कानांना हेडफोन लावून बसली होती. तो तरुण पंपाच्या खांबाआडून आला, माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला आणि आवाज अजिबात न चढवता त्याने पाकीट आणि फोन मागितला. मी दोन्ही दिले. तो आला तसाच चालत निघून गेला. सगळा प्रकार फार तर अर्ध्या मिनिटाचा असेल आणि तो संपेपर्यंत मुलीला त्याचा पत्ताही नव्हता.

पोलिसांनी त्याची उंची विचारली, कपडे विचारले, पिस्तूल होते की रिव्हॉल्व्हर हे विचारले. मला एकाही प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही. आठवत होते ते फक्त नळीचे काळे तोंड. हत्यार समोर असले की माणसाची नजर त्याच्यावरच खिळते आणि बाकीच्या गोष्टींची नोंद फारशी होत नाही, हे साक्षीदारांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे, असे मी नंतर वाचले. त्या वेळी मात्र मला स्वतःची फार लाज वाटली होती.

ओळखीच्या मंडळींनी दोन प्रकारचे सल्ले दिले. काहींनी बंदूक विकत घेण्यास सांगितले. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने मनाई नसलेल्या एकवीस वर्षांवरील व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येते, त्यामुळे हा सल्ला इथे कोणालाच वावगा वाटत नाही. मला तो पटला नाही आणि त्या वादात मी इथे शिरत नाही. काहींनी चित्रफिती पाठवल्या. त्यांतल्या एकीत एक प्रशिक्षक समोरच्याच्या हातातले पिस्तूल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काढून घेतो आणि त्याच्यावरच रोखतो. ती चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल याची गणती नाही. तो तरुणही हातभरच अंतरावर होता. मी हात पुढे केला असता तर काय झाले असते, हा प्रश्न महिनाभर मला झोपू देत नव्हता. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी मी जानेवारीत क्राव मागाच्या बारा आठवड्यांच्या वर्गात नाव घातले.

क्राव मागा या हिब्रू शब्दांचा अर्थ अंगाला अंग भिडवून केलेली लढाई. ही पद्धत बसवणारे इमी लिख्टेनफेल्ड १९१० साली बुडापेस्टमध्ये जन्मले आणि ब्रातिस्लाव्हात वाढले. वडील पोलीस खात्यात होते आणि इमी स्वतः कुस्ती आणि मुष्टियुद्ध खेळत. पुढे इस्रायलच्या सैन्याला त्यांनी हे शिक्षण दिले. मला यातली महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की हे मुळात सैनिकांना झटपट शिकवण्यासाठी रचलेले शास्त्र आहे. ज्याला काहीही झाले तरी शत्रूला भिडायचेच आहे, अशा माणसासाठी ते रचले गेले. पाकीट देऊन घरी जाण्याची मुभा असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे, हे कळायला मला बरेच आठवडे लागले.

आमचे प्रशिक्षक पोलीस खात्यातून निवृत्त झालेले होते. वर्ग एका जुन्या गोदामात भरत असे. जमिनीवर रबरी चटया अंथरलेल्या असत आणि एका भिंतीशी निळ्या रबराच्या पिस्तुलांची पेटी ठेवलेली असे. पहिले तीन आठवडे त्यांनी त्या पेटीला कोणालाही हात लावू दिला नाही. पडायचे कसे, उठायचे कसे, तळहाताने ठोसा कसा द्यायचा आणि धावायचे कसे, एवढेच चालू होते. माझी जोडीदार एका रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका होती. अंगाने किरकोळ, पण पकड अशी की मनगटावर बोटांचे वळ उठत.

चौथ्या आठवड्यात पिस्तुले बाहेर आली. शिकवलेली पद्धत चार टप्प्यांची होती: नळीची दिशा बदलणे, हत्यारावर ताबा मिळवणे, प्रहार करणे आणि शेवटी हत्यार काढून घेणे. समोरच्याच्या उजव्या हातात पिस्तूल असेल, तर घाबरल्यासारखे दोन्ही हात छातीपुढे धरायचे आणि डाव्या हाताने नळी आडवी आपल्या उजवीकडे ढकलायची. इथली मेख अशी, की हात आधी हलला पाहिजे आणि अंग मागून वळले पाहिजे. नवशिक्याचा खांदा आधी हलतो, आणि खांदा समोरच्याला हाताच्या आधी दिसतो. एकदा नळी हातात आली की सगळे वजन तिच्यावर टाकायचे, डावा खांदा पुढे घालून बंदुकीच्या रोखातून अंग बाहेर काढायचे, उजव्या हाताने चेहऱ्यावर प्रहार करीत राहायचे, मग त्याच हाताने पिस्तुलाची मागची बाजू धरून ते काटकोनात पिळायचे आणि खेचून मागे सरायचे. पिळताना चापाच्या कड्यात अडकलेले बोट मोडू शकते, म्हणून सरावात जोडीदाराला चापावर बोट ठेवू देत नसत.

प्रशिक्षकांनी एके दिवशी रिकामे केलेले खरे पिस्तूल टेबलावर ठेवले, मॅगझिन आणि नळी दोन्ही रिकामी असल्याचे दोघांकडून तपासून घेतले आणि मला त्याची स्लाइड मुठीत धरायला सांगितली. स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग. गोळी सुटली की तो मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि पुढचे आत घेतो. तो घट्ट धरला तर पहिली गोळी सुटतेच, पण पुढचे काडतूस आत येत नाही आणि पिस्तूल अडकते. हाच भाग काही मिलिमीटर मागे ढकलून धरला गेला, तर बहुतेक पिस्तुलांचा चाप ओढूनही गोळी सुटत नाही. मात्र झटापटीत तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. रिव्हॉल्व्हरची तऱ्हा वेगळी. त्याचे गोल फिरणारे सिलिंडर मुठीत आवळले की ते फिरत नाही आणि चापही पूर्ण ओढला जात नाही, पण घोडा आधीच मागे चढवलेला असेल तर एक गोळी सुटणारच. शिवाय सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तप्त वायू बाहेर पडतो आणि त्याने बोटे भाजतात. हे ऐकताना मला पोलिसांचा तो प्रश्न आठवला. समोर पिस्तूल होते की रिव्हॉल्व्हर हेच ज्याला सांगता येत नव्हते, त्याची मूठ नेमकी कुठे पडली असती?

तरीही सहाव्या आठवड्याच्या अखेरीस मला जमू लागले होते. परिचारिकेच्या हातातले निळे पिस्तूल मी दहापैकी दहा वेळा काढून घेत होतो. घरी पत्नीच्या हातात टीव्हीचा रिमोट देऊन मी तोच सराव करीत असे. त्या दिवसांत गॅस स्टेशनवर उतरताना माझी छाती धडधडत नसे आणि कोणी जवळून गेले तर माझा डावा हात आपोआप वर येई. ती भावना फार सुखाची होती, आणि तीच सर्वांत धोक्याची होती, असे आज मला वाटते.

नवव्या आठवड्यात प्रशिक्षकांनी निळी पिस्तुले पेटीत घातली आणि सगळ्यांना डोळे व चेहरा झाकणारे मुखवटे दिले. आता हातात वायूवर चालणारी एअरसॉफ्ट पिस्तुले होती. त्यांतून सहा मिलिमीटरचा प्लास्टिकचा छर्रा सुटतो. तो जाड शर्टातूनही झोंबतो आणि उघड्या कातडीवर लाल ठिपका उठवतो. नियमही बदलले होते. आतापर्यंत जोडीदार पिस्तूल पुढे करून स्थिर उभा राहत असे. आता त्याला सांगितले होते की समोरच्याची किंचित हालचाल दिसली की चाप ओढ, पिस्तूल मागे खेच, दुसऱ्या हाताने ढकल, जे सुचेल ते कर.

त्या आठवड्यातले माझे आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. एका माणसाचे, एका गोदामातले, प्लास्टिकच्या छर्ऱ्यांवर मिळालेले हे आकडे आहेत आणि त्यांचा अर्थ तेवढाच घ्यावा. हातभर अंतरावर मी वीस वेळा प्रयत्न केला. छर्रा सुटण्याआधी नळी माझ्या अंगावरून बाजूला गेली ती अकरा वेळा. त्या अकरांपैकी पिस्तूल शेवटी माझ्या हातात आले ते पाच वेळा. उरलेल्या वेळी ती साधी झोंबाझोंबी झाली, दोघेही चटईवर पडलो आणि नळी कधी जोडीदाराच्या पोटाकडे तर कधी माझ्या मांडीकडे वळत राहिली. दोन पावलांच्या अंतरावर मी दहा वेळा प्रयत्न केला आणि दहाही वेळा माझा हात पोहोचण्याआधी छर्रा छातीवर लागला होता.

हातभर अंतरावर निम्म्याहून अधिक वेळा हात का जिंकला, याचे कारण साधे आहे. दिसलेल्या हालचालीवर प्रतिक्रिया द्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो आणि जो आधी हलतो त्याच्या पदरात तेवढा वेळ पडतो. हातभर अंतर कापायला तो कसाबसा पुरतो, त्यापुढे पुरत नाही. सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातील डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली लिहिले होते, की चाकू घेतलेला माणूस एकवीस फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि कमरेचे पिस्तूल काढून गोळी झाडायला पोलिसालाही तेवढाच वेळ लागतो. तिथे पिस्तूल म्यानात होते, म्हणून धावणाऱ्याला एवढे अंतर मिळाले. पिस्तूल आधीच रोखलेले असेल, तर त्या एकवीस फुटांचे दोन-अडीच फूट होतात. चित्रफितींमध्ये हल्लेखोर नेहमी त्या अडीच फुटांच्या आत, हात लांब करून, पुतळ्यासारखा का उभा असतो, हे मला त्या दिवशी कळले. ज्याला बंदुकीची थोडीफार सवय आहे, तो ती कमरेशी धरतो आणि दोन पावले लांब राहतो.

त्यानंतर, प्रत्यक्षात ज्यांनी बंदूक हिसकावली त्यांच्याविषयी जे मिळेल ते मी वाचत गेलो. एफबीआयने २०१४ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. २००० ते २०१३ या काळातल्या, गर्दीवर गोळीबार करण्याच्या १६० घटना त्यात तपासल्या आहेत. त्यांतल्या २१ घटना निःशस्त्र नागरिकांनी हल्लेखोराला आवरल्यामुळे थांबल्या. म्हणजे असे घडते, आणि ते अगदी अपवादात्मकही नाही. पण ते कसे घडते हे पाहण्यासारखे आहे. २२ एप्रिल २०१८ रोजी नॅशव्हिलमधल्या वॉफल हाउस नावाच्या एका उपाहारगृहात जेम्स शॉ यांनी हल्लेखोराची रायफल हिसकावली, ती गोळीबार थांबला तेवढ्या क्षणात. दाराआडून त्यांनी झेप घेतली, तापलेली नळी धरल्याने त्यांचा हात भाजला आणि रायफल त्यांनी काउंटरपलीकडे भिरकावली. त्या हल्ल्यात चार माणसांचा जीव गेला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अॅमस्टरडॅमहून पॅरिसला जाणाऱ्या थालिस रेल्वेत हल्लेखोराची रायफल चालेनाशी झाली आणि तीन अमेरिकन तरुण मित्र एकत्र त्याच्यावर तुटून पडले. २१ जानेवारी २०२३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्हाम्ब्रा येथे ब्रँडन त्साय या सव्वीस वर्षांच्या तरुणाने आपल्या कुटुंबाच्या नृत्यशाळेत, मॉन्टेरे पार्कमध्ये काही मिनिटांपूर्वी हत्याकांड करून आलेल्या माणसाच्या हातातले हत्यार काढून घेतले. त्याचे सीसीटीव्ही चित्रण मी पाहिले. त्यात पाव सेकंदाची सफाई नाही. दोन माणसे एका हत्याराला दोन्ही हातांनी लोंबकळून खोलीभर एकमेकांना ओढत आहेत, आणि तरुण ते सोडत नाही. त्याला असले कोणतेही प्रशिक्षण नव्हते. या तिन्ही ठिकाणी मारणाऱ्याचा हेतू स्पष्ट होता आणि देऊन सुटण्यासारखे पाकीट कोणी मागितलेले नव्हते. कोलोरॅडोत हायलँड्स रँच येथील शाळेत ७ मे २०१९ रोजी केंड्रिक कास्टिलो हा विद्यार्थीही असाच पुढे झेपावला. वर्गमित्र वाचले, तो वाचला नाही.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्याचा. हे सगळे वाचत असताना तुकाराम ओंबळे माझ्या मनातून क्षणभरही जात नव्हते, कारण त्यांचे केडंबे गाव आमच्याच तालुक्यात आहे आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या रात्रीनंतर आमच्या भागातल्या प्रत्येक घरात ते घरच्यासारखेच आहेत. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर त्यांच्या हातात लाठी होती आणि समोर एके-४७. त्यांनी नळी धरली आणि ती सोडली नाही. गोळ्या त्यांच्या अंगात गेल्या, मागच्या सहकाऱ्यांना कसाबवर झडप घालायला वेळ मिळाला आणि तो जिवंत हाती आला. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. बारा आठवडे मी नळी आपल्या अंगावरून बाजूला कशी ढकलायची ते शिकत होतो. ओंबळ्यांनी ती स्वतःच्या अंगाशी धरून ठेवली. त्याला तंत्र म्हणायची माझी हिंमत होत नाही. जीव वाचतो की नाही, ही मोजपट्टी तिथे लावताच येत नाही.

आता अकराव्या आठवड्यातली ती संध्याकाळ. मी परिचारिकेसमोर उभा होतो, बाकीचे भिंतीशी रांगेत होते. तिने पिस्तूल रोखले, मी हात टाकला, आणि माझ्या बारा आठवड्यांतला तो सर्वांत चांगला प्रयत्न होता: खांदा हलला नाही, नळी पुरती हातात आली, छर्रा सुटला तेव्हा माझे अंग रोखाबाहेर होते. मी पिस्तूल पिळून काढून घेतले आणि मागे सरलो. टाळ्या वाजल्या नाहीत. माझ्या उजव्या अंगाला, मागे, भिंतीशी उभ्या असलेल्या एका पोरसवदा विद्यार्थिनीने मान धरली होती. मुखवट्याच्या खाली, गळ्याच्या बाजूला, तिला छर्रा लागला होता. तिने हात काढला तेव्हा तिथे लाल ठिपका दिसला, बोराएवढा. ती हसून म्हणाली की काही विशेष नाही. प्रशिक्षकांनी तिच्या मानेवर बर्फ लावला आणि मला एवढेच विचारले, की गोळी कुठे गेली हे तुम्ही पाहिले का. मी पाहिले नव्हते.

त्या रात्री घरी आल्यावर मी एका कागदावर त्या गॅस स्टेशनचा नकाशा काढला. आमच्या गाडीच्या टाकीचे झाकण डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या वर आहे. मी त्या झाकणाशी, गाडीकडे पाठ करून उभा होतो. तरुण माझ्या समोर. त्याने माझ्या छातीवर नळी रोखली होती आणि मी शिकल्याप्रमाणे, अगदी अचूक, ती डाव्या हाताने माझ्या उजवीकडे ढकलली असती. माझ्या उजवीकडे मागचे दार होते. पेन्सिलीने ओढलेली रेघ त्या दाराच्या काचेतून आत गेली आणि मुलीची सीट जिथे मी दाखवली होती त्या चौकोनात संपली. पहिली गोळी बहुधा सुटतेच, हे मला आता तोंडपाठ होते. पिस्तुलाची गोळी मोटारीचे दार सहज भेदते, हेही माहीत होते. मी तो कागद पत्नीला दाखवला. ती काही न बोलता बराच वेळ त्याकडे पाहत राहिली, मग उठून मुलीच्या खोलीत जाऊन तिचे पांघरूण सारखे करून आली.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. नोव्हेंबरातला प्रकार मी तिला तोवर सांगितला नव्हता. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पाकीट दिलंस न्हवं लगेच?” मी हो म्हणालो. “मग झालं तर. लेकरू गाडीत होतं,” ती म्हणाली. नकाशा न काढता तिला ते कळले होते.

बारावा आठवडा मी पूर्ण केला. ही विद्या खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मारायलाच आलेला माणूस हातभर अंतरावर असेल, पळायला जागा नसेल आणि मागे कोण आहे हे मला माहीत असेल, तर मी नळीवर हात टाकेन, आणि जानेवारीपूर्वी टाकला असता त्यापेक्षा बऱ्या रीतीने टाकेन. वीसपैकी पाच म्हणजे शून्य नव्हे. पण ज्याला पाकीट हवे आहे त्याला मी पाकीट देईन, दोन बोटांनी, सावकाश, हात दिसतील असे. ह्यूस्टन शहराने २०१२ साली गोळीबाराच्या प्रसंगासाठी जी शिकवण चित्रफितीतून दिली, तिचा क्रमही पळा, लपा आणि काहीच उरले नाही तर लढा, असाच आहे. ती चित्रफीत आमच्या कार्यालयात दरवर्षी दाखवतात. इतकी वर्षे मी ती फोनवर बोटे फिरवत पाहिली होती.

मुलीने मार्चमध्ये विचारले, “बाबा, मलाही बंदूक काढून घ्यायला शिकवाल?” मी तिला गॅरेजमध्ये नेले. हेडफोन आधी बाजूला ठेवायला लावला. मग तिला मागच्या सीटवर बसवून मी डाव्या बाजूला, टाकीच्या झाकणाशी उभा राहिलो आणि मी हाक मारताच पट्टा सोडून उजव्या दाराने उतरायला, इंजिनाच्या आडोशाला वाकून जायला आणि तिथून मागे वळून न पाहता दुकानाच्या दाराकडे धावायला सांगितले. इंजिनाचे लोखंड गोळी अडवण्याची शक्यता दारापेक्षा कितीतरी जास्त असते, हे तिला समजावून सांगितले. पहिल्या वेळी पट्ट्याची कडी तिला सापडेना. पाचव्या वेळी ती चार सेकंदांत गाडीबाहेर होती. दर रविवारी आम्ही तो सराव करतो.